तीन पिढ्यांची टिपणं

लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला ईस्ट हॅम्प्टन नावाचं गाव आहे. आज ते न्यूयॉर्कच्या धनिकांच्या बंगल्यांमुळं माहीत असतं. दोनशे वर्षांपूर्वी तिथं शेतकरी राहत, कोळी राहत, देवमाशांच्या शिकारीला जाणारे खलाशी राहत. १७९७ साली एबल हंटिंग्टन नावाचा डॉक्टर तिथं येऊन राहिला. त्याच्यामागं त्याच्या मुलानं, जॉर्ज लीनं, तीच वैद्यकी चालवली. आणि त्या मुलाचा मुलगा, धाकटा जॉर्ज, आठेक वर्षांचा असल्यापासून वडिलांबरोबर गाडीत बसून आजाऱ्यांच्या घरी जायचा. अशाच एका फेरीत झाडीतल्या रस्त्यावर त्याला दोन बायका दिसल्या, मायलेकी. दोघी उंच, दोघी हाडांचा सापळा झालेल्या. दोघींचं अंग सारखं वाकत होतं, पिळवटत होतं, चेहरे वेडेवाकडे होत होते. पोर घाबरलं. वडिलांनी गाडी थांबवली, त्यांच्याशी दोन शब्द बोलले आणि गाडी पुढं निघाली. म्हातारपणी डॉक्टरांच्या सभेत बोलताना जॉर्जनं ही आठवण सांगितली, तेव्हाही ते दृश्य त्याच्या डोळ्यांपुढून हललेलं नव्हतं.

१८७२ साली, बाविसाव्या वर्षी, त्यानं ओहायोतल्या मिडलपोर्ट गावी डॉक्टरांच्या एका छोट्या सभेत निबंध वाचला. निबंध होता कोरियावर, म्हणजे हातपाय आपोआप हलण्याच्या विकारावर. त्यातला बहुतेक मजकूर तेव्हाच्या डॉक्टरांना ठाऊक असलेलाच होता. नवं होतं ते शेवटच्या थोड्याशा मजकुरात. लाँग आयलंडच्या काही घराण्यांत हा विकार बापाकडून किंवा आईकडून लेकरात येतो. ऐन संसाराच्या वयात डोकं वर काढतो. सोबत मन बिघडतं, जीव द्यावासा वाटतं. आणि एखादं लेकरू यातून सुटलं, तर धागा तिथंच तुटतो, त्याच्या नातवंडांत तो परत येत नाही. मेंडेलचं काम तेव्हा कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. तरी आनुवंशिकतेचा हा नियम त्या पोरसवदा डॉक्टरनं अचूक सांगितला. तो त्याला एकट्याच्या बुद्धीनं सुचणं शक्यच नव्हतं. बाविसाव्या वर्षी कुणी एका घराण्याच्या तीन पिढ्या म्हाताऱ्या होताना पाहिलेल्या नसतात. त्याच्या आजोबांनी पाहिल्या होत्या, वडिलांनी पाहिल्या होत्या, दोघांनी त्याच घरांची टिपणं ठेवली होती, आणि नातवाच्या मसुद्यावर वडिलांनी पेन्सिलीनं दुरुस्त्याही केल्या होत्या. पुढं या आजाराला हंटिंग्टनचंच नाव पडलं.

आणि त्या टिपणांच्याही मागं गावातली म्हातारी माणसं होती. हिच्या आईलाही असंच होतं, आणि त्या आईच्या बापालाही, हे डॉक्टरला सांगणारं कुणीतरी लागतंच. गावाला किती आधीपासून माहीत होतं याचा पुरावा १८०६ सालचा आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये कॅप्टन डेव्हिड हेजेस यांची बायको फीबी समुद्रात चालत गेली आणि बुडून मेली. तिथल्या वर्तमानपत्रानं कारणही छापलं. तिच्या आईला जडलेल्या विकाराची लक्षणं तिला स्वतःत दिसायला लागली होती, आणि त्या धास्तीनं तिनं हे केलं. फीबीवर ॲलिस वेक्सलर या इतिहासकार बाईंनी २००८ साली आख्खं पुस्तक लिहिलं. ॲलिसच्या आईलाही हाच आजार होता. त्या आईकडं पुढं यायचं आहे.

आमच्याकडं टिपणं नव्हती. आक्काआत्या होती.

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची, दादांची, थोरली बहीण. शाळा चौथीपर्यंत. लग्नानंतर थोड्याच वर्षांत कुंकू पुसलं गेलं आणि ती कराडला माहेरी परत आली ती कायमचीच. घराण्याचा सगळा इतिहास तिच्यापाशी होता, आणि तो ती भाकरी थापताना सांगायची, तव्यावरची नजर न काढता. पुरुषमाणूस उंबऱ्यात आला की गोष्ट तिथंच थांबायची. तो गेला की ज्या शब्दावर थांबली होती, त्याच शब्दापासून पुढं.

तिच्या गोष्टीत सगळ्यात आधी यायची ती मोठी बाय, म्हणजे तिची आजी. "मोठी बाय भांडं टाकायची. मुद्दाम न्हाई गं, हातच उडायचा. चालाया लागली की वाटायचं आता पडंल, मग पडंल. लोक म्हनले, बाहेरची बाधा." मग मोठ्या बायला गाणगापूरला न्यायचं ठरलं. आक्का तेव्हा आठ-नऊ वर्षांची, आजीची शेपूट, म्हणून तिलाही घेतलं. रेल्वेनं सोलापूरच्या पुढं, स्टेशनापासून बैलगाडी. तिथं माध्यान्हीच्या आरतीला बाधा झालेली माणसं खांबांना, गजांना धरून घुमतात, किंचाळतात, केस सोडून गरगरतात. मोठ्या बायला त्यांच्यातच उभं केलं. पुढचं आक्का नेहमी आवाज खाली आणून सांगायची: "आरती सपली. समद्या बाया निपचित झाल्या. कुनी पानी मागितलं, कुनी पदर सावरला. मोठी बाय तशीच हलत व्हती. आन् रातच्याला डोळा लागला की येकदम गप. मला कळंना, भूत काय मानसाला झोप लागली की जातंय व्हय?"

कोरियातल्या हालचाली झोपेत बहुतेक थांबतात, हे मेंदूविज्ञानाच्या पुस्तकांत आहे. आक्कानं ते पुस्तक पाहिलेलं नव्हतं. झाडीतल्या रस्त्यावरच्या पोरानं जे पाहिलं ते वैद्यकशास्त्राच्या इतिहासात गेलं, कारण त्याच्या घरात लिहिणारे दोन डॉक्टर होते. गाणगापूरच्या पोरीनं त्याच्या तोडीचं निरीक्षण केलं आणि ते साठ वर्षं चुलीपुढं राहिलं, कारण तिला कुणी विचारलंच नाही.

मोठ्या बायचा मुलगा म्हणजे आमचे आजोबा, तात्या. त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. दुकान कधीच गेलं, पण खतावण्या माळ्यावर राहिल्या. लांबट, लाल कापडाच्या बांधणीच्या, वाळवीनं कडा खाल्लेल्या. मोडीतल्या. मोडी लिहिताना पानभर आडवी रेघ आधी मारून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. सुरुवातीच्या वह्यांत तात्यांचं अक्षर इतकं सारखं आहे की मोडी न येणाऱ्यानंही बघत राहावं. पुढच्या वह्यांत ते मोठं व्हायला लागतं, मग एखादं अक्षर खालच्या ओळीत उडी घेतं, आकड्यांवर शाईचे फराटे येतात. आणि शेवटच्या दोन वह्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसते. रेघ पुन्हा सरळ झाली आहे, अक्षरं मात्र चारी दिशांना. आक्काला विचारलं तेव्हा उलगडा झाला. रेघा तीच मारून द्यायची. बाप लिहू शकत नाही हे गिऱ्हाइकाला कळू नये, म्हणून सकाळी दुकान उघडायच्या आधी पोरीनं पानंच्या पानं आखून ठेवायची.

गावाला कळायचं ते कळलंच, पण भलतंच. तात्या पिऊन दुकानात बसतात, अशी बोलवा झाली. तात्या माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाची वारी न चुकलेली. त्या माणसाच्या चालण्यावरून उधारीवाल्यांनी तोंडावर टोमणे मारले, दिंडीतल्या लोकांनी त्यांना हळूहळू बाजूला केलं. आक्का बाकी सगळं कोरड्या डोळ्यांनी सांगायची. दिंडीचं सांगताना मात्र तिचा हात पिठात तसाच राहायचा.

दारूचा हा आळ या आजाराची माणसं जगभर सोसत आली आहेत. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराच्या काठी सान लुइस नावाची गरीब वस्ती आहे. १९५०च्या दशकात अमेरिको नेग्रेते नावाचा तरुण डॉक्टर तिथं कामाला आला, तेव्हा रस्त्यावरून झोकांड्या खात जाणारी माणसं पाहून तोही त्यांना दारुडेच समजला. वस्तीतल्या लोकांनी त्याला सांगितलं की ही प्यायलेली नाहीत, यांच्या घराण्यातच हे आहे. त्यानं ते ऐकून घेतलं, घरोघर फिरून घराणी मांडली आणि १९५५ साली वैद्यकीय परिषदेपुढं ठेवली. १९६८ साली लॉस एंजेलिसमध्ये लिओनोर वेक्सलर ही प्राणिशास्त्र शिकलेली बाई कोर्टात ज्यूरीच्या कामासाठी सकाळी रस्ता ओलांडत होती. पोलिसानं तिला हटकलं, एवढ्या सकाळी पिऊन फिरायला लाज वाटत नाही का? तिचे वडील याच आजारानं गेले होते, तिघे भाऊही. तिला त्या प्रश्नाचा अर्थ जागच्या जागी कळला. हीच ॲलिसची आई.

आमच्या घरी हा अर्थ कळायला १९९६ उजाडलं. दादांच्या आजाराला तोवर आठ-दहा वर्षं झाली होती. कुणी पार्किन्सन म्हणालं, कुणी मनाचा आजार म्हणालं. दादा आधी चिडखोर झाले, मग संशयी, मग पाय वाकडे पडायला लागले. शेवटी पुण्यातल्या एका मेंदूतज्ज्ञांनी त्यांना खोलीत चालवून पाहिलं आणि जीभ बाहेर काढून तशीच धरायला सांगितलं. जीभ धरवेना. आत जायची, बाहेर यायची. डॉक्टरांनी विचारलं, वडिलांना असं काही होतं का? दादा म्हणाले, नाही. आजी-आजोबांना? नाही. काका सोबत होते, त्यांनीही मान हलवली. काकांची बोटं तेव्हाच मांडीवर पेटी वाजवल्यासारखी चालायला लागली होती. आक्का बाहेर बाकावर बसली होती. मी तिला आत बोलावलं. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला, आणि तिनं भावांकडं न बघता मोठ्या बायपासून सुरुवात केली. गाणगापूर, झोपेत थांबणारं अंग, खतावणी, दिंडी. डॉक्टर लिहीत गेले. तिचं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आजी, तुम्ही माझं अर्धं काम केलंत." रक्त तपासणीला गेलं आणि अहवालात आकडा आला, ४४.

त्या आकड्याचा अर्थ असा. आपल्या चौथ्या गुणसूत्रावर एक जनुक आहे, त्यात सी-ए-जी ही तीन अक्षरं एकामागून एक पुन्हापुन्हा येतात. २६ वेळांपर्यंत आली तर काही बिघडत नाही. ३६ ते ३९ च्या पट्ट्यात आजार होईलही, नाहीही. चाळीस किंवा त्याहून जास्त झाली, तर नेहमीचं आयुष्य मिळालेल्या माणसाला तो गाठतोच. त्या वाढीव अक्षरांमुळं हंटिंग्टिन नावाचं प्रथिन सदोष बनतं, आणि मेंदूच्या खोल भागातल्या, हालचालींना लगाम घालणाऱ्या पेशी मरत जातात. साधारण तिशी ते पन्नाशीत सुरुवात, पुढं पंधरा-वीस वर्षं. चालणं जातं, बोलणं जातं, गिळणं जातं, आणि आपलं काय काय जातंय हे माणसाला बराच काळ समजत असतं. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक लेकराच्या वाट्याला छापा किंवा काटा. आक्का सुटली, दादा आणि काका अडकले. आजाराला थांबवणारं औषध आजही नाही. हालचाली कमी करणारी आहेत. त्यातलं टेट्राबेनाझिन अमेरिकेत २००८ साली मंजूर झालं.

माझ्या रक्तात काय आहे ते मी इथं लिहिणार नाही. तो निकाल माझ्या मुलांचाही आहे, आणि तो छापायचा हक्क मला एकटीला नाही. घराण्याची गोष्ट मात्र छापायलाच हवी असं माझं ठाम मत झालं आहे.

दादा-काकांनी डॉक्टरसमोर 'नाही' म्हटलं, त्याचा मला राग आला होता. आता तो उरलेला नाही. घरात लग्नाच्या मुली होत्या. सोयरिकीच्या बैठकीत 'घराण्यात काही नाही ना?' हा प्रश्न यायचाच. आणि उघडं बोलणाऱ्यांचं जगानं काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. चार्ल्स डेव्हनपोर्ट या अमेरिकन सुप्रजननवाद्यानं १९१६ साली याच घराण्यांच्या वंशावळी मांडल्या, त्या कुणाला बरं करण्यासाठी मांडल्या नव्हत्या. असल्या माणसांचं प्रजनन आणि देशात येणं रोखावं, हे त्याचं म्हणणं. १९३३ साली नाझींनी सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्यातल्या आजारांच्या यादीत हंटिंग्टनचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे तोंड मिटून बसणाऱ्यांकडं कारण होतं. त्यांना भित्रं म्हणणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही आहे.

म्हणूनच ज्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं त्यांचं मोल मोठं. वुडी गथ्री हा अमेरिकेचा लोकगायक. त्याच्या आईला, नोराला, १९२७ साली ओक्लाहोमातल्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, तिथंच ती १९३० साली गेली. वुडीचं बिघडलेलं वागणंही बराच काळ दारूच्या खात्यावर टाकलं गेलं. निदान झालं १९५२ साली. पुढं वर्षामागून वर्षं तो इस्पितळात होता, आणि ३ ऑक्टोबर १९६७ रोजी पंचावन्नाव्या वर्षी गेला. त्याची बायको मार्जरी मार्था ग्रॅहमच्या संचातली नर्तिका. दोघांचा घटस्फोट १९५३ सालीच झाला होता, तरी इस्पितळात जाऊन त्याचं करणारी तीच. तिला तीन मुलं, तिघांच्याही डोक्यावर टांगती तलवार. १९६७ सालीच तिनं वर्तमानपत्रात जाहिरात दिली, तुमच्या घरी हा आजार असेल तर मला कळवा. सुरुवातीला मूठभर लोकांनी कळवलं. त्या मूठभरांना घेऊन तिनं समिती काढली, गावोगाव फिरली, डॉक्टरांच्या सभांत न बोलावता जाऊन उभी राहिली, खासदारांचे उंबरे झिजवले. दहा वर्षांत अमेरिकेच्या काँग्रेसनं या एका आजारासाठी आयोग नेमला, मार्जरी त्याची अध्यक्ष. आयोगापुढं शेकडो घरांनी आपापल्या तात्यांच्या आणि मोठ्या बायांच्या गोष्टी सांगितल्या, या वेळी लेखनिकाच्या समोर बसून.

दुसरीकडं लिओनोरचे घटस्फोटित पती मिल्टन वेक्सलर. ते मानसोपचारक. दोन मुली, ॲलिस आणि नॅन्सी, दोघींनाही निम्मा-निम्मा धोका. त्यांनी १९६८ साली संस्था सुरू केली आणि पैसा जमवायला लागले. त्यांनी तो कशावर खर्च केला, हा भाग मला फार शिकवून जातो. इमारत बांधली नाही. तरुण शास्त्रज्ञांना, ज्यांनी हा आजार आयुष्यात पाहिलेला नव्हता अशांनाही, एका खोलीत दोन दिवस बसवायचं. लिहून आणलेली भाषणं वाचायची नाहीत, मोकळं बोलायचं. एखाद्या आजारी माणसाला आणि त्याच्या घरच्यांना भेटवायचं. मग ज्याच्या डोक्यात काही शिजायला लागेल त्याला थोडे पैसे द्यायचे. १९७९ सालच्या अशाच एका बैठकीत डेव्हिड हाउसमन यांनी म्हटलं, की जनुक दिसत नसलं तरी डीएनएवरच्या आजूबाजूच्या खुणांवरून त्याचा पत्ता काढता येईल. पण त्यासाठी एकच मोठं घराणं हवं, पुष्कळ पिढ्या जिवंत असलेलं.

ते घराणं नेग्रेतेनं दाखवलेलं होतं. नॅन्सी वेक्सलर १९७९ साली माराकाइबोला गेली आणि १९८१ पासून वीस वर्षांहून जास्त काळ दरसाल माणसं घेऊन जात राहिली. सान लुइस, बारान्किटास, आणि पाण्यात खांब रोवून वसलेलं लागुनेता. तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून तिनं वंशावळ लिहून घेतली. ती मागं जात जात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मारिया कोन्सेप्सिओन नावाच्या बाईपर्यंत पोहोचली. दहा पिढ्या, अठरा हजारांवर माणसं. खोलीच्या भिंती त्या कागदानं भरायच्या. रक्त द्यायला लोक कचरत, तेव्हा फिदेला गोमेझ ही परिचारिका नॅन्सीचा दंड धरून गर्दीतून फिरायची आणि कातडीचा तुकडा काढल्याचा बारीक व्रण सगळ्यांना दाखवायची. हिनंही दिलंय, हीसुद्धा आपल्यातलीच आहे. चार हजारांच्या आसपास माणसांनी रक्त दिलं. १९८३ साली जेम्स गुसेला यांना चौथ्या गुणसूत्रावर खूण सापडली. मग दहा वर्षं सहा प्रयोगशाळा एकत्र खपल्या आणि मार्च १९९३ मध्ये जनुक हाती आलं. त्या शोधनिबंधावर अठ्ठावन्न शास्त्रज्ञांची नावं आहेत. दादांच्या अहवालातला तो ४४ त्या अठ्ठावन्न जणांचा आहे, आणि पाण्यातल्या घरांत राहणाऱ्या त्या हजारो माणसांचा आहे, ज्यांना बाहेरचं जग अजूनही ओळखत नाही. लिओनोरनं यातलं काही पाहिलं नाही, ती १९७८ सालीच गेली. नॅन्सीनं आपल्यालाही आजार झाल्याचं २०२० साली जाहीर केलं.

हे सगळं मी आक्काला सांगितलं होतं, तिच्या शेवटच्या वर्षांत. मारियाचं तिला फार लागलं. मोठ्या बायला लग्न करून जिथून आणलं त्या गावाचं नाव तिला आठवत होतं, भीमेकाठचं, पंढरपूरच्या अलीकडचं. तिनं ते मला दोनदा घोकून घ्यायला लावलं.

तिच्या मागं मी आणि माझी भाची, काकांची नात, आमची वंशावळ लिहायला बसलो. भाचीचे वडील, माझा चुलतभाऊ, आता खुर्चीला खिळलेले आहेत. त्र्यंबकेश्वरला आमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय आहेत. त्यांच्या चोपड्यांत श्राद्धाला, नागबळीला आलेल्या पूर्वजांच्या नोंदी सापडतात, हे पुष्कळांना माहीत असेल. गुरुजींनी तांबडी बासनं सोडली, गावाचं नाव काढलं, आडनाव काढलं, आणि पणजोबांच्या हातची सही बोटाखाली आली. सात पिढ्यांचे पुरुष ओळीनं हजर. सुनांची नावं कुठंकुठं आहेत, माहेर एकीचंही नाही. आमच्या घरात आजार आला तो मोठ्या बायच्या रक्तातून, आणि चोपडीत ती अमक्याची भार्या एवढीच आहे. तिच्या भावंडांचं काय झालं, त्यांच्या लेकराबाळांचं काय झालं, ते आक्काच्या त्या एका गावाच्या नावावर येऊन थांबतं.

भाचीनं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणासोबत एक घडी घातलेला कागद द्यायला सुरुवात केली आहे. त्यावर चारच प्रश्न. घरात कुणाचे हातपाय आपोआप हलायचे का? कुणी न पिता झोकांड्या देत चालायचं का? ऐन वयात कुणाचा स्वभाव पार पालटला का? हेच आधीच्या पिढीतही होतं का? बायका कागद वाचून पर्समध्ये ठेवतात, तिळगूळ घेतात, जातात. दोन-तीन दिवसांनी एखादी परत येते आणि दारातच उभी राहून आपल्या मावससासऱ्यांचं सांगायला लागते. गल्लीतल्या गणेश मंडळाच्या पोरांनी वर्गणीसोबत एक निराळं पावतीपुस्तक काढलं. त्या पैशातून परिस्थिती नसलेल्या घरांतल्या माणसांना तपासणीसाठी, समुपदेशनासाठी पाठवता येतं. समुपदेशन आधी, तपासणी नंतर, आणि तीही ज्याची त्यानं मागितली तरच. यावर भाची अडून बसते आणि बरोबर करते.

संशोधनासाठी पैसे मागायला गेलं की मात्र लोक गोंधळतात. आपल्याकडं देणारे हात कमी नाहीत. अन्नछत्र, पाणपोई, शाळेची खोली, रुग्णवाहिका, इस्पितळातली खाट, या सगळ्यांना आपली माणसं आपणहून देतात, आणि खाटेवर नावाची पाटी लागते. रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं गोठवून ठेवणं, घरोघर फिरून वंशावळी लिहिणाऱ्या मुलीचा पगार, मृत्यूनंतर मेंदूदान करणाऱ्या घराची व्यवस्था, यांना पाटी लावायला जागा नसते. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मानवी मेंदूंची पेढी १९९५ पासून आहे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असतं? नेत्रदानाचे फलक एसटी स्टँडवर लागले, तसे मेंदूदानाचे का लागू नयेत, याचं पटेलसं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत हा आजार लाखात साधारण पाच ते दहा जणांना होतो. आशियात कमी आढळतो असं म्हणतात. त्या 'आढळतो'मध्ये न सांगितलेली घरं किती, हे मोजायलासुद्धा पैसाच लागणार आहे.

आणि आता वेळ दवडण्यासारखी राहिलेली नाही. २०२१ साली रोश कंपनीच्या ज्या औषधावर सगळ्यांच्या नजरा होत्या, त्याची चाचणी मध्येच थांबवावी लागली, तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कुणी नीट बोललं नाही. मग सप्टेंबर २०२५ मध्ये बातमी आली. मेंदूत शस्त्रक्रिया करून निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत दिलेल्या जनुकोपचारानं, जास्त मात्रा मिळालेल्यांत आजाराची चाल तीन वर्षांत तीन-चतुर्थांशानं मंदावली. त्यांतली तीन वर्षं पुरी झालेली माणसं अवघी बारा. तेव्हा परवाना कुठंच मिळालेला नव्हता, आणि मिळाला तरी तासन्‌तास चालणारी मेंदूवरची ती शस्त्रक्रिया माझ्या चुलतभावाला काही उपयोगाची नाही. त्याच्या मुलीच्या पिढीला असेल. असा उपचार इथं यायचा तर इथली घराणी नोंदलेली हवीत, इथले डॉक्टर तयार हवेत, आणि त्याची किंमत इथल्या माणसाला झेपणारी हवी. बारान्किटासच्या माणसांनी दिलेल्या रक्तावर जो उपचार उभा राहील, त्यात पहिला हक्क त्यांचा धरला पाहिजे. तो त्यांना अजून मिळालेला नाही. त्यांच्याकडं साधी औषधंही धड पोचत नाहीत. २०१७ च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी दक्षिण अमेरिकेतल्या अशा कुटुंबांना व्हॅटिकनला बोलावून जवळ घेतलं, आता लपवणं पुरे म्हणाले. जवळ घेणं मोठंच होतं. औषधाची बाटली त्यानंतर जायला हवी होती.

भाचीनं गेल्या महिन्यात भीमेकाठच्या त्या गावातला एक फोन नंबर मिळवला. मोठ्या बायच्या माहेरच्या घरातली एक म्हातारी फोनवर आली. भाचीनं ओळख सांगितली, प्रश्न विचारले. "तसलं काय न्हाई आमच्यात," म्हातारी म्हणाली. भाचीनं फोन ठेवला नाही. मोठ्या बायचं लग्नाआधीचं नाव, आक्कानं सांगून ठेवलेलं, ते तिनं उच्चारलं. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग म्हातारीनं विचारलं, "कऱ्हाडला दिलेली ती? तिच्यातल्या व्हय तुमी?" आणि जरा आवाज उतरवून, "या. मंगळवारी या. पोरं बाजाराला जात्यात."

भाचीनं मंगळवारची रजा टाकली आहे. मीही जाणार आहे.